थोरल्याचा मान

आमच्या ऑफिसची सर्व्हर रूम म्हणजे जिन्याखालची खोली. एक एसी, एक झाडू, भिंतीवर गणपती आणि रॅकमध्ये एकावर एक बसलेले चार स्विच, म्हणजे ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे डबे. पाठीमागून जाडजूड, आखूड स्टॅकिंग केबलने वरचा खालच्याला बांधलेला आणि शेवटच्यापासून एक लांब केबल परत पहिल्याकडे. कडं पूर्ण. एक केबल निसटली तरी डेटा उलट्या वाटेने पोचतो. बाहेरच्या जगाला मात्र चौघांचा आयपी एक, लॉगिन एक, कॉन्फिग (म्हणजे सगळी सेटिंग) एक. तिसऱ्या स्विचचा सतरावा पोर्ट, केबल खुपसायचं भोक, म्हणजे 3/0/17, झालं.

एकत्र कुटुंबच ते. कर्ता एक, त्याला मास्टर म्हणायचं. निवडीत आधी बघतात प्रायॉरिटी, 1 ते 15; मोठा आकडा जिंकतो. कुणी ती घातलीच नसेल तर सगळे 1 वर, आणि सगळंच बरोबरीत सुटलं तर ज्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कारखान्यातून मिळालेला नंबर, सगळ्यात लहान तो मास्टर. म्हणजे बहुधा घरातला सगळ्यात म्हातारा नग. मी प्रायॉरिटी घातली नव्हती. 'चाललंय ना?' हे आमच्या खात्याचं बोधवाक्य आहे.

महिनाअखेरचा शनिवार. पोर्ट संपले, म्हणून बंद पडलेल्या शाखेतून परत आलेला स्विच गोदामातून काढला. सॉफ्टवेअरचं व्हर्जन वेगळं असतं तर इतरांनी त्याला पंक्तीला बसूच दिलं नसतं. पण माझं नशीब असं, की तेच मॉडेल, तेच व्हर्जन. नवा मेंबर बंद ठेवून जोडायचा, केबल लावून मग चालू करायचा, हे मला पाठ आहे. तरी पंखा फिरतो का बघायला आधी चालू केला. फिरला. त्या आनंदात तशीच केबल खुपसली.

क्षणभर शांतता. मग आमचे चारही स्विच एकदम रीबूट.

पाहुणा त्या शाखेत मास्टर होता, प्रायॉरिटी 15. दोन मास्टर समोरासमोर आले, आमचा प्रायॉरिटी 1 वर हरला, आणि हरलेल्या घराने उठून पाहुण्याचं कॉन्फिग अंगात घातलं. आमचा 1 नंबरचा स्विच 5 नंबरचा झाला. ऑफिसभर आता बंद शाखेचे व्हीलॅन, म्हणजे त्यांनी नेटवर्कच्या केलेल्या वाटण्या.

"साहेब, बंद करून चालू करू का?" शिपाईमामा.

"मामा, तेच झालंय."

अकाउंट्सच्या मॅडमचा फोन. "अहो, पगार अर्ध्याच लोकांचे चढलेत. माझा उरलेल्या अर्ध्यात आहे."

जुन्या कॉन्फिगचा बॅकअप होता. माझ्याकडे बॅकअप असतो! फाइल सर्व्हरवर. आणि फाइल सर्व्हर 2/0/1 वर.

पेनड्राइव्ह, स्विचशी थेट बोलायची कन्सोल केबल आणि फरशीवर मांडी. पाहुण्याला सोडवला, चौघांना जुने नंबर दिले, कॉन्फिग चढवलं, पहिल्याला प्रायॉरिटी 15, दुसऱ्याला 14. साडेआठला मॅडमचा पुन्हा फोन.

"झालं बरं का सगळ्यांचं. फक्त तुमचा राहिलाय. सोमवारी बघू."