जाफना विद्यापीठाचा छापा : फितुरीच्या कथेला उत्तर

एनडीएच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याने एक फिरता संदेश पाठवून विचारले, "मामा, हे खरे का?" श्रीलंकेतील जाफना विद्यापीठावर ऑक्टोबर १९८७ मध्ये भारतीय शांतिसेनेने घातलेल्या छाप्याची बातमी दिल्लीतील फितुराने फोडली, कमांडो शीख जवानांना मरायला सोडून पळाले आणि शांतिसेनेला जाफना कधी घेताच आले नाही, असा तो मजकूर आहे. लष्करात जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या मनात असले काही रुजावे, हे मला सहन होत नाही.

"सोडून पळाले" हा आरोप सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेतो. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफनाजवळच्या पलाली हवाई तळावरून एमआय-८ हेलिकॉप्टरे विद्यापीठाच्या मैदानावर गेली. एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेच्या नेत्यांना पकडण्याचे काम '१० पॅरा कमांडो' या पथकाचे होते, तर मेजर बीरेंद्र सिंग यांच्या तुकडीने, म्हणजे १३ शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जणांनी, मागून येणाऱ्या पलटणीसाठी मैदान धरून ठेवायचे होते. गोळीबाराने हेलिकॉप्टरांचे इतके नुकसान झाले की पुढच्या फेऱ्या रद्द कराव्या लागल्या, आणि वायरलेस सांभाळणारा जवान लवकरच मारला गेल्याने या तुकडीचा तळाशी संपर्क तुटला. पुढचे एकमेव वाचलेल्या गोरा सिंग यांनी कैदेतून सुटल्यावर सांगितले : दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास गोळ्या संपल्या, तेव्हा उरलेल्या तिघांनी संगिनी लावून चाल केली, त्यात दोघे पडले आणि ते स्वतः पकडले गेले. कमांडोही त्या वेळी वेढ्यात लढत होते. त्यांचे सहा जण गेले. रस्त्यांवर सुरुंग होते म्हणून मेजर अनिल कौल यांनी रेल्वेमार्गावरून रणगाडे नेऊन त्यांची सुटका केली, आणि त्या कामगिरीत स्वतःचा एक डोळा गमावला. यात पळाले कोण?

फितुराची तर गरजच नव्हती. शांतिसेनेची वायरलेसवरील बोलणी एलटीटीई ऐकत होती, हे या मोहिमेविषयी वारंवार लिहिले गेले आहे. शिवाय पहिली फेरी उतरल्यावर त्याच मैदानावर दुसरी येणार, हे कोणालाही उघड दिसत होते. दोष योजनेत होता आणि शत्रूला कमी लेखण्यात होता. तो एखाद्या निनावी गद्दारावर ढकलला की योजनेविषयी कोणी प्रश्नच विचारत नाही.

तमिळ बंडखोरांना भारतानेच प्रशिक्षण दिले, असेही संदेशात आहे. ते खरे आहे आणि मान्य करावेच लागते. पण त्यावरून त्या रात्रीच्या फितुरीचा पुरावा मिळत नाही.

जाफना घेता आले नाही, हे धादांत खोटे आहे. ऑक्टोबर संपेपर्यंत शहर शांतिसेनेच्या ताब्यात होते. निसटला तो एलटीटीईचा प्रमुख प्रभाकरन, आणि मार्च १९९० मध्ये शांतिसेना परतेपर्यंत सुमारे १,२०० भारतीय सैनिक श्रीलंकेत मारले गेले होते.