स्टॉडार्ट रग्बीचाही कर्णधार होता

इंग्लंडचा जुना क्रिकेट कर्णधार अँड्र्यू स्टॉडार्ट याच्यावरचा लेख मनापासून आवडला. १८९४ ची सिडनी कसोटी, फॉलोऑननंतर १० धावांनी मिळवलेला विजय, हॅम्पस्टेड क्लबसाठी एका दिवसात केलेल्या ४८५ धावा, सगळं छान आलंय. पण त्याच्या रग्बीला एकच ओळ? ते मात्र खटकलं.

इंग्लंडकडून तो १० आंतरराष्ट्रीय सामने खेळला, चारमध्ये कर्णधार होता. आणि १८८८ चा दौरा! क्रिकेटसाठी ऑस्ट्रेलियात गेलेला हा माणूस मोसम संपल्यावर घरी परतलाच नाही, तिथेच थांबून ब्रिटिश रग्बी संघात सामील झाला. हा दौरा शॉ आणि श्रूजबरी या क्रिकेटपटूंनी भरवलेला. इंग्लंडच्या रग्बी संघटनेची त्याला मान्यताही नव्हती. आज मात्र लायन्सची, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या संयुक्त रग्बी संघाची, परंपरा तिथूनच मोजतात. रग्बीचे ३५ सामने झाले, शिवाय ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलचे १९. तो खेळ या पोरांना तिथे जाऊनच शिकावा लागला होता.

संघाचा कर्णधार रॉबर्ट सेडन. ऑगस्टमध्ये वेस्ट मेटलंडला हंटर नदीत होडी उलटली आणि तो बुडाला. वय अवघं २८. त्याला तिथेच पुरलं, आणि उरलेल्या दौऱ्याची धुरा स्टॉडार्टने उचलली. मित्राला परक्या मातीत ठेवून पुन्हा मैदानात उतरायचं, हे वाचताना माझ्या तर पोटात कालवतं.

लेखकाला विनंती, पुढचा लेख सेडनवर लिहा. मराठीत त्याच्याबद्दल मला अजून काहीच वाचायला मिळालेलं नाही.