प्रोसेसरला टूथपेस्ट लावणाऱ्यांसाठी

‘मदरबोर्ड तापतोय? दुकानदाराला पैसे देऊ नका’ अशा मथळ्याचा एक संदेश महिनाभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. थर्मल पेस्टऐवजी (म्हणजे प्रोसेसरची उष्णता वर पोचवणाऱ्या लेपाऐवजी) पांढरी टूथपेस्ट लावा, तापमान ६० अंशांवर गेले की संगणक ताबडतोब बंद करा, कॅबिनेटचे झाकण कायमचे काढून टेबलफॅन लावा आणि तरीही भागले नाही तर मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, दहा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवा, असे चार उपाय त्यात आहेत. एरवी असल्या संदेशांकडे मी दुर्लक्ष करतो. परंतु गेल्या रविवारी माझ्या आतेभावाने पहिला उपाय करून पाहिला आणि संगणक सारखा बंद पडू लागल्यावर मला बोलावून घेतले.

हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, उचलला तेव्हा खाली भिंतीच्या पोपड्यांसारखा भेगाळलेला पांढरा थर होता आणि नखाने खरवडताच त्याची भुकटी प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटच्या कडेला सांडली. ‘दादा, पहिल्या दिवशी तर मस्त चालला होता,’ असे तो म्हणाला. ते खरेच असणार, आणि या संदेशाचा घात नेमका तिथेच आहे. प्रोसेसरचे झाकण आणि हीटसिंकचा तळ हे दोन्ही पृष्ठभाग दिसायला गुळगुळीत असले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात आणि त्या फटींत हवा असते. हवेपेक्षा पाणी वीसपटीहून अधिक चांगली उष्णता वाहून नेते, त्यामुळे ओली टूथपेस्ट सुरुवातीला काम करते. पुढे ७०-८० अंशांच्या उष्णतेने त्यातले पाणी उडून जाते, मागे खडूसारखी पूड उरते, तिला भेगा पडतात आणि त्या भेगांत पुन्हा हवाच शिरते. थर्मल पेस्ट वर्षानुवर्षे टिकते, कारण ती सहसा न वाळणाऱ्या सिलिकॉन तेलात कालवलेली असते. शिवाय ओल्या टूथपेस्टमध्ये क्षार असल्यामुळे तिच्यातून वीज वाहू शकते. त्याच्या सॉकेटमध्ये १२०० बारीक तारा आहेत. त्यांत ती उतरली असती तर पेस्टच्या नळीचे दोन-तीनशे रुपये वाचवण्यापायी अख्खा बोर्ड बदलावा लागला असता.

फ्रीजरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. गार पाण्याची बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो, तसाच तो मदरबोर्डलाही फुटणार, आणि त्यावर वीज सोडायची! चालू संगणकात उष्णता दर क्षणी नव्याने तयार होत असते, ती दहा मिनिटांच्या गारव्याने कशी हटणार?

६० अंशांची भीती निराधार आहे, हे सांगायला इंटेलचे स्वतःचे माहितीपत्रक पुरेसे आहे. आतेभावाकडच्या कोअर आय५-१०४०० या इंटेलच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा त्यात १०० अंश दिलेली आहे. त्या मर्यादेशी पोचताच प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो आणि तरीही तापमान चढत राहिले तर संगणक बंद होतो. काहीच काम चालू नसताना ६० दिसत असतील तर मात्र आत पाहावे, एवढे मान्य. मुळात ज्या आकड्याला लोक ‘मदरबोर्डचे तापमान’ म्हणतात तो बहुधा प्रोसेसरचा असतो. हार्डवेअर-इन्फोसारख्या मोफत साधनात प्रत्येक भागाचे तापमान वेगळे दिसते.

कॅबिनेटचे झाकण काढण्याच्या उपायात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो, परंतु तो तपासापुरताच. झाकण काढताच तापमान दहा-बारा अंशांनी उतरले तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही, असे समजावे. पुढची जाळी स्वच्छ करावी आणि पुढून आत, मागून बाहेर असे पंखे लावावेत. तापमान तसेच राहिले तर दोष हीटसिंक, पेस्ट किंवा त्यावरच्या पंख्याचा. आतेभावाच्या संगणकात झाकण काढूनही फरक पडला नव्हता, तरी टेबलफॅन आठवडाभर आत धूळ फुंकत होता.

खरा दोष टूथपेस्टच्याही आधीचा होता. इंटेलचा हीटसिंक बोर्डावर चार काळ्या प्लास्टिकच्या खुंट्यांनी बसतो, आणि त्यातली एक खुंटी बोर्डाच्या मागच्या बाजूला पुरती उमलून अडकलीच नव्हती. त्यामुळे हीटसिंक एका कोपऱ्यात किंचित उचललेला राहिला होता. सगळे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, मटारच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवली आणि समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबून चौथी ‘टक्’ वाजेपर्यंत बसवली. आधी जे काम सुरू करताच आकडा ९८ वर जाऊन संगणक रखडत होता, त्याच कामाला तो आता ६४ वर थांबला.