काकांची येझदी आणि गावाची किक

सोलापुरात दारासमोर जुनी येझदी मोटारसायकल उभी केली की एक शोध लागतो. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक पुरुषाकडे एकेकाळी येझदी होती. स्वतःकडे नसली तर मेव्हण्याकडे होती. आणि ती एका किकमध्ये चालू व्हायची. दुसरी किक मारावी लागलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आमची १९७८ची, काकांची. साखर पेठेतल्या जुन्या घरात जिन्याखाली ती कित्येक वर्षं उभी होती आणि घरात जे जे फेकवत नाही ते ते तिच्यावर ठेवलेलं होतं. ते सगळं उपसून गाडी उजेडात आणली. टाकीवर ‘येझदी’ लिहिलंय, तरी काका तिला जावाच म्हणतात. त्यांचंही खोटं नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६०च्या दशकात चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या इथं बनवायला घेतल्या, पुढे नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखान्यालाच कुलूप लागलं. काकांच्या मते यातलं काहीही झालेलं नाही. “चाचाला बोलव. तो बघंल. मग अक्कलकोटला जाऊन येऊ, स्वामींच्या दर्शनाला.”

चाचा म्हणजे आमच्या भागात टू-स्ट्रोक कळणारे शेवटचे मिस्त्री. त्यांनी आल्या आल्या गाडीकडे पाहिलंच नाही, आधी चहा घेतला. मग एअर फिल्टरचा डबा उघडला. आत उंदराचं घरटं. लाल, हिरवं, मोरपंखी असं चादरी-टॉवेलचं सूत कातरून, गोल वळून, मधोमध मऊ खळगा केलेला आणि त्यात शेंगेचं एक टरफल. “उंदीर भी सोलापुरी है,” म्हणत चाचांनी ते दोन बोटांनी अलगद बाहेर काढलं आणि कट्ट्यावर ठेवलं. ते अजून तिथेच आहे. बायको फेकू देत नाही, म्हणते, गाडीपेक्षा हेच चांगल्या कंडिशनमध्ये आहे.

पिस्टन जाम होता. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून ठेवलं, गिअर टाकून गाडी मागे-पुढे हलवली, सुटला. क्रँकची ऑईल सील वाळून कडक झाली होती, ती बदलली. पॉइंट काचपेपरने घासले, कंडेन्सर नवा घातला. हे सगळं चाचांनी केलं.

माझ्याकडे टाकी आली. आतला गंज काढायचा तर टाकीत मूठभर नट-बोल्ट आणि बारीक खडी घालायची, पाणी ओतायचं आणि हलवत बसायचं. एप्रिल महिना, पारा ४३च्या घरात, आणि मी अंगणात टाकी पोटाशी धरून झुलतोय, आतून खळखळ आवाज येतोय. पलीकडच्या आजी दारात आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि आत तोंड करून ओरडल्या, “अगं, लिंबू आण गं, ह्याच्या अंगात आलंय!”

टाकी झाली तर पेट्रोल. या इंजिनाला वेगळं वंगण नसतं, पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागतं. चाचांचा हिशोब लिटरमागे ४० मिली. पंपावरच्या पोराला हे पटेना. “साहेब, दोन्ही एकाच टाकीत? गाडी खराब होईल की!” त्याला काय सांगणार, गाडी खराबच आहे. शिवाय हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. नव्या गाड्यांना ते पचतं. जुन्या रबरी नळ्या त्यात फुगून मऊ पडतात, आणि वर ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे टाकीला पुन्हा गंज. पण साखर कारखान्यांची एवढी गर्दी असलेल्या जिल्ह्यात याबद्दल बोलायची सोय नाही. अर्धे नातेवाईक ऊस लावतात. मामाच्या शेतातला ऊस माझी कार्बोरेटरची नळी खातोय, हे मी मामाला कुठल्या तोंडाने सांगू?

मग किक. येझदीची किक आणि गिअर एकाच दांडीवर, आणि तीही डाव्या पायाला. दांडी आत दाबून वर फिरवली की किक, खाली पाडली की गिअर. ही योजना ज्याने आखली त्याला नडगी नसावी. इंजिनाने उलटा झटका दिला की दांडी नेमकी तिथेच येऊन बसते. मी लंगडत मारत होतो आणि गल्ली गोळा होत होती.

“किक मारलालाव का गाडीला लाथा घाललालाव?”

“चॉक ओढा की.”

“चॉक कशाला बे, त्यानंच फ्लड झालीय.”

“प्लग काढून तव्यावर गरम करा.”

आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच, “सरका जरा.” दूधवाला सरकवून गेला, केबलवाला गेला, एक वऱ्हाडी लग्नाचा पत्ता विचारायला थांबला होता तोही दोन मारून गेला. चहा सगळ्यांना माझ्याकडून. चाचांचं निदान वेगळंच, “गाडीत दम आहे. तुमच्या पायात नाही.”

मधल्या काळात कुणीतरी पिल्लू सोडलं, गाडी व्हिंटेजमध्ये नोंदवा. केंद्राचा २०२१चा नियम आहे. वय ५० वर्षांच्या वर, गाडी मूळ रूपात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आमची अजून पन्नाशीला टेकायची आहे, म्हणजे म्हातारी म्हणून पर्यावरण कर भरायचा आणि मानासाठी थांबायचं. शिवाय व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शनाला न्यावी, रॅलीला न्यावी, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. हे काकांना वाचून दाखवलं.

“मग आणखी कुठं जायची असते ही?” काका म्हणाले.

शेवटी शेजारचे, बँकेतून निवृत्त झालेले साहेब पुढे आले. इतके दिवस ते फक्त गॅलरीतून बघत होते. त्यांनी चष्मा माझ्या हातात दिला, लेंगा वर खोचला आणि वजन न टाकता, हलकेच किक मारली. गाडी चालू झाली! दोन्ही सायलेन्सरमधून वर्षानुवर्षांचं ऑईल धूर होऊन निघालं. महापालिकेची डासांची गाडी आली समजून पोरं धुरात घुसली, आजींनी खिडक्या लावून घेतल्या. साहेबांनी त्या धुरातून सगळ्यांकडे एकदा पाहिलं, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी सरळ मागे गेली. थेट भाजीच्या गाड्यावर.

टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात, त्यामुळे ते कुठल्याही दिशेने फिरायला तयार असतं. ठिणगीचं टायमिंग जास्त पुढे असलं आणि किक मऊ पडली की पिस्टन वर पोचायच्या आधीच स्फोट होतो आणि क्रँक उलटा फिरतो. चाचांनी हे शांतपणे सांगितलं तेव्हा भाजीवाल्या मावशी चाकाखालचे टोमॅटो मोजत होत्या आणि साहेब चष्मा मागत होते. काका काठी टेकत खाली आले. गाडी अजून फटफटत होती. त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि मला म्हणाले, “हिला बंद करू नको बे. मी मागं तोंड करून बसतो, चल अक्कलकोटला.”