थपडेचे श्रेय

संगणकाचा पंखा फिरत होता, दिवे लागले होते आणि पडदा मात्र काळाठिक्कर होता. थोड्या वेळाने त्यावर 'नो सिग्नल' ही अक्षरे उमटली आणि मग मॉनिटरने सरळ डोळे मिटले. ज्या अर्थी मॉनिटर ही अक्षरे दाखवतो, त्या अर्थी तो स्वतः बहुधा धडधाकट असतो आणि दोष केबलमध्ये, चुकीच्या इनपुटमध्ये किंवा पेटीच्या पोटात असतो. त्यामुळे मी केबल दोन्ही टोकांना घट्ट केली, ती मदरबोर्डाच्या, म्हणजे आतल्या मुख्य पाटीच्या, नव्हे तर चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्याच खाचेत असल्याची खात्री करून घेतली, इनपुट बदलून पाहिले आणि पेटीचे झाकण उघडायला बसलो. नेमके तेव्हाच शेजारचे काका आले. त्यांना एक पान छापून हवे होते.

"टीव्ही गेला वाटते," काका म्हणाले.

"टीव्ही नव्हे, मॉनिटर. आणि तो चांगला आहे. बिघाड या पेटीत आहे."

"दिसत नाही त्याच्यावर, आणि तुम्ही उघडता हिला?"

मी त्यांना शांतपणे समजावून सांगितले की, बटण दाबताच संगणक आधी स्वतःचीच तपासणी करतो. प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स असे करत पुढे जातो आणि मेमरीपाशीच अडला, तर पडद्यावर चित्र पाठवण्यापर्यंत त्याची मजल जातच नाही.

"म्हणजे हा स्वतःच स्वतःची परीक्षा घेतो?"

"होय."

"स्वतःच नापास होतो?"

"होय."

"आणि निकाल कोणाला सांगत नाही?"

या प्रश्नावर मी निरुत्तर झालो, कारण काकांनी अजाणता माझ्या मनातलेच दुखणे बोलून दाखवले होते. १९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्ये एक छोटासा स्पीकर असे. सारे ठीक असेल तर तो एकदाच 'बीप' करी आणि काही बिघडले असेल तर वेगळ्या तऱ्हेने ओरडे. आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर त्या स्पीकरसाठी पिना असतात, स्पीकर मात्र नसतो. त्याऐवजी काही बोर्डांवर तपासणी कोठे अडली ते दाखवणारे मोहरीएवढे चार दिवे असतात, तेही पेटीच्या आत, जेथे पाहण्यासाठी माणसाला विजेरी घेऊन टेबलाखाली आडवे व्हावे लागते. लाखभर रंग पुरवणाऱ्या शोभेच्या पट्ट्या पेटीत बसवणाऱ्यांना, एक बीप करणारा क्षुद्र भाग परवडत नाही, याचे मला अजूनही नवल वाटते. नवल कसले, संतापच येतो.

मी आडवा झालो. मेमरीचा दिवा लागलेला होता. मग वीज पूर्ण तोडून, सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलीसुरली वीज निचरू दिली, रॅमच्या, म्हणजे मेमरीच्याच, दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसल्या आणि पट्ट्यांची अदलाबदल करून कट्ट असा आवाज येईपर्यंत त्या खाचेत दाबल्या. काका या सर्व काळात खुर्चीत बसून "खोडरबर?" एवढेच अधूनमधून पुटपुटत होते.

यंत्र पुन्हा सुरू केले. पडदा काळाच राहिला.

"थांबा," मी म्हणालो, "ही डीडीआर ५ जातीची मेमरी आहे. पट्ट्या हलवल्या की पहिल्या खेपेला ती बोर्डाशी जुळवून घेते आणि त्याला कधी कधी काही मिनिटेही लागतात. या वेळात घाईने बंद केले, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून."

काका थोडा वेळ थांबले. मग उठले, मॉनिटरच्या मागे गेले आणि त्यांनी त्याच्या पाठीत एक सणसणीत थप्पड ठेवून दिली.

पडद्यावर चित्र आले.

जुन्या, काचेच्या फुगीर पडद्याच्या संचांमध्ये उष्णतेने आतले झाळलेले जोड सुटत आणि थपडेने ते क्षणभर जुळतही. काकांची विद्या त्या काळातली आहे आणि त्या काळात ती अगदीच खोटी नव्हती. पण सपाट पॅनेलला मारल्याने लाभ जवळजवळ शून्य आणि आतला थर दुखावण्याचा धोका मात्र खरा. हे सारे मी मुद्देसूद सांगितले. घरातल्या मंडळींनी तेही ऐकले आणि काकांना चहा विचारला. मला कोणी विचारला नाही. मेमरीने जुळवून घेण्याचे काम तेव्हाच पूर्ण केले, हे सिद्ध करायला माझ्यापाशी साक्षीदार कोण? तो एक दिवा, आणि तोही आता विझलेला.

"तुमच्या खोडरबराने नुसताच वेळ घालवला," काका चहा पीत म्हणाले. "बरे, माझे पान?"

मी छापण्याची आज्ञा दिली. प्रिंटर 'ऑफलाइन' असल्याची पाटी पडद्यावर झळकली. काकांनी कप खाली ठेवला, बाही वर सारली आणि म्हणाले, "हा नाजूक दिसतो. याला हळूच देतो."