पिवळ्या पाटीचे काका

मेहुण्याचं सामान नाशिकच्या इंदिरानगरहून पाथर्डी फाट्याला न्यायचं होतं. छोटा हत्ती दारात उभा, फ्रिज-कपाट चढवून दोरीने आवळलेलं आणि ड्रायव्हरचा फोन स्विच ऑफ. टेम्पो मेहुण्याच्या मित्राचा, चावी आमच्याकडे. म्हटलं, हात्तिच्या, एवढंसं तर जायचंय, मीच चालवतो. विषय इथेच संपायचा. पण गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत काका बसले होते.

"चढू नका," काका म्हणाले. "बॅज आहे?"

"लायसन आहे."

"लायसन पानवाल्याकडेही असतं. बॅज विचारतोय, धंद्याची गाडी चालवायचा. पाटी बघा गाडीची. पिवळी. पिवळी पाटी म्हणजे बॅज, पांढरी पाटी म्हणजे साधं लायसन, आणि हिरवी पाटी म्हणजे इलेक्ट्रिक, तिला लायसनच लागत नाही."

तिसरं वाक्य ऐकून मला राहवेना. म्हटलं, काका, हिरव्या पाटीच्या कारलाही लायसन लागतं. लागत नाही ते फक्त त्या बारक्या स्कूटरींना, 250 वॅटच्या आतल्या आणि ताशी 25 किलोमीटरच्या वर न पळणाऱ्या. त्यांना तर नंबरपाटीच नसते.

"माझ्याकडे तीच आहे," काका शांतपणे म्हणाले. "मला विचारा ना."

म्हणजे ज्या गाडीला लायसन लागत नाही तिचा मालक मला लायसन शिकवत होता. हे मी मोठ्याने बोललोसुद्धा. कोणी हसलं नाही. बायको म्हणाली, "अहो, काका म्हणतायत तर..." या अर्ध्या वाक्यापुढे आजवर कोणाचं काही चाललेलं नाही.

काकांनी माझं कार्ड मागून घेतलं आणि चष्मा कपाळावर सरकवून, म्हणजे चष्म्याशिवाय, वाचलं. "एमसीडब्ल्यूजी. म्हणजे गिअरची मोटरसायकल. आणि परवा अ‍ॅक्टिव्हा चालवत होतात! विदाउट गिअर!" गिअरवाल्याला बिनगिअरची चालते, उलटं चालत नाही, हे मी सांगेपर्यंत ते पुढच्या ओळीवर गेले होते. "एलएमव्ही. हं. वय किती? ट्रान्सपोर्टला 20 पूर्ण लागतात." माझे उरलेसुरले केसही पांढरे आहेत.

"काका, तुम्ही आरटीओत होतात का?"

"पाटबंधाऱ्यात. पण नियम तो नियम. पाच हजार दंड, आणि ठोकलीत तर विम्याचा एक रुपया मिळणार नाही."

आता विम्याचं म्हणाल तर सगळं रामायण तिथलंच आहे. एलएमव्ही म्हणजे साडेसात हजार किलोपर्यंतचं हलकं वाहन, आणि कायद्याच्या व्याख्येत त्यात मालवाहू गाडीही बसते. छोटा हत्ती सामानासकट दोन टनांच्या आत. तरी अपघात झाला की विमा कंपन्या म्हणायच्या, ड्रायव्हरकडे ट्रान्सपोर्टचं लायसन नव्हतं, सबब पैसे नाहीत. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, साडेसात हजार किलोपर्यंत वेगळं काही लागत नाही. कंपन्यांना ते पटलं नाही. मग पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ बसलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांनीही तेच सांगितलं. सात वर्षं देशातले मोठमोठे वकील माझ्या बाजूने भांडले, जिंकले, आणि इंदिरानगरात त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

त्याच व्याख्येत ट्रॅक्टर आहे. रोड रोलरही आहे! वजनात बसणारा रोड रोलर मी उद्या कॉलेज रोडवरून दिमाखात नेला तर तो हलकं वाहन. पण कार्डावर नुसतं एलएमव्ही असेल तर शंभर किलोची स्कूटर चालवायची नाही. हे सगळं सामान्य माणसाने कुठून समजून घ्यायचं? कार्डावर अक्षरं छापतात, अर्थ छापत नाहीत. मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाला आठ काढायला शिकवतो, रिव्हर्स शिकवतो, आणि कार्ड हातात पडल्यावर "झालं साहेब तुमचं काम" म्हणून पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतो. नियम बदलतो तेव्हा कोणी दारोदार सांगत फिरत नाही. मग ज्याचा आवाज मोठा त्याचा कायदा. काकांचा आवाज खणखणीत होता, आणि त्यांचं म्हणणं एके काळी खरंही असेल. पूर्वी टेम्पो चालवायचा तर लायसनवर ट्रान्सपोर्टचा शेरा घ्यावा लागायचा. पण सांगायला गेलो तर मेहुणा म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊजी, रिस्क कशाला."

शेवटी मेहुण्याने नाक्यावरून एक पोरगा बोलावला. मिसरूड नुकतं फुटलेलं, कानात इअरफोन, पायात स्लिपर. आठशे रुपये मागितले. काकांनी खुर्चीतून उठून त्याचं स्वागत केलं. "या. बघा, याला म्हणतात प्रोफेशनल." त्याला बॅज कोणी विचारला नाही. लायसन विचारलं नाही. वीस पूर्ण झालीत का, हे तर मुळीच नाही. केबिनमध्ये मेहुणा आणि त्याच्या मांडीवर देवघर, त्यामुळे मला मागे हौद्यात बसवलं, कपाटाचं दार धरायला. मालाच्या गाडीत मागे माणूस बसवणं हे त्या सगळ्या प्रकरणातलं एकमेव खरंखुरं बेकायदा काम. काकांनी स्वतः फाळका लावून घेतला आणि वर म्हणाले, "घट्ट धरून बसा."

संध्याकाळी घटनापीठाच्या निकालाची बातमी मी मेहुण्याला पाठवली. त्याने ती काकांना पाठवली. काकांचं उत्तर त्याने मला पुढे ढकललं : "निकाल दिल्लीत लागला. गाडी नाशकात आहे."

आठशे रुपये मी दिले होते. मेहुण्याने अजून त्यांचं नाव काढलेलं नाही.