ही टूम आजची नाही
फॅशन डिझायनर हिऱ्यांच्या दागिन्यांकडे वळतात ही अलीकडची टूम, असा मी वाचलेल्या एका लेखाचा सूर आहे. पटलं नाही. फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलने १९३२ मध्येच पॅरिसला स्वतःच्या घरी हिऱ्यांच्या दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं होतं, तेही ऐन जागतिक मंदीत! खोट्या मोत्यांच्या माळांची फॅशन रुजवणारी बाई, आणि एकदम प्लॅटिनममध्ये खरे हिरे. मांडणी काय, तर मेणाच्या पुतळ्यांवर. त्यातला धूमकेतूच्या आकाराचा हार बघाच. मागे अडकवायला कडीच नाही, गळ्याभोवती नुसता वळसा घेऊन बसतो. कापड अंगावर कसं पडतं हे ज्याला कळतं त्यालाच असलं सुचणार. सोनाराला सुचलं असतं का, शंकाच आहे. आजच्या डिझायनरांनी नावापलीकडे दागिन्यात स्वतःचं काय घातलं, हे मात्र लेखात कुठेच सापडलं नाही.